पहिल्या चार्जरची एनओसी आणि सहाव्या गाडीचा प्रश्न: वारज्यातल्या एका सोसायटीचं प्रकरण

सोसायटी वारज्यातली, २००६ च्या आसपास बांधलेली, दोन विंग, ४८ फ्लॅट, खाली स्टिल्ट पार्किंग आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून थोडं ओपन. नाव सांगत नाही, कारण या वयाची पुण्यातली कुठलीही सोसायटी घ्या, मीटर रूम तशीच आणि कमिटीपण तशीच. मी लायसन्स्ड इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे, मला बोलावलं तेव्हा भांडण बरंच पुढे गेलेलं होतं आणि दोन्ही बाजूंना माझ्याकडून आपल्यालाच हवा तसा रिपोर्ट पाहिजे होता.

झालं असं की बी विंगमधल्या एका मॅडमनी २०२५ च्या सुरुवातीला ३५ युनिट बॅटरीची ईव्ही बुक केली. रोजचं जाणं-येणं वारजे ते हिंजवडी, दोन्ही बाजू धरून चाळीसेक किलोमीटर, त्यामुळे हिशोब सरळ होता. शोरूमवाल्यांनी गाडीबरोबर ७.२ किलोवॅटचा चार्जर गळ्यात मारला, भिंतीवर लावायचा, दिसायला भारी असतो तो. त्यांचा माणूस येऊन मीटर रूमपासून मॅडमच्या पार्किंगपर्यंतचं अंतर मोजून गेला, साधारण ५५ मीटर, आणि सांगून गेला की सोसायटीची एनओसी आणा, बाकी आम्ही बघतो. मॅडमनी अर्ज दिला. सेक्रेटरी म्हणाले बघू. आता सोसायटीच्या कारभारात ‘बघू’ला किती वजन असतं ते राहणाऱ्यांनाच माहीत, अर्ज फाइलला लागतो आणि पुढच्या मीटिंगला कोरम नसतो.

गाडी मात्र आली. मग मॅडमच्या मिस्टरांनी पहिल्या मजल्यावरच्या आपल्या बाल्कनीतून एक्स्टेन्शन खाली सोडलं आणि गाडीबरोबर मिळालेला पोर्टेबल चार्जर त्याला लावला. पंधरा अँपिअरचा सॉकेट असला म्हणजे झालं असं लोकांना वाटतं. पण घरातला गीझर दहा-पंधरा मिनिटं चालतो आणि कट होतो, गाडी सलग दोन-दोन तास १४-१५ अँपिअर ओढत बसते, तेही रोज. मी तो सॉकेट नंतर बघितला, उजवीकडच्या फेजच्या भोकाभोवती प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, आतल्या टर्मिनलचा स्क्रू ढिला, वायर एवढी कडक झालेली की वाकवली की इन्सुलेशनचे तुकडे हातात. एका रात्री वॉचमनला वास आला, त्याने मेन बंद केला, सकाळी ग्रुपवर फोटो. आणि मग जे व्हायचं तेच झालं, ‘ईव्हीला आग लागली’ असा मेसेज संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन सोसायट्यांत पोचला. गाडीला काहीच झालं नव्हतं.

यानंतरची मीटिंग म्हणजे सगळे मुद्दे एकाच ताटात. आगीचा मुद्दा पहिला. मार्च २०२२ मध्ये धानोरीत रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली होती, तो व्हिडिओ अजून लोकांच्या डोक्यात आहे, आणि खोटं कशाला बोला, भीती अगदीच हवेतली नाही. लिथियम बॅटरी पेटली की विझवायला त्रास होतोच. पण एक गोष्ट कोणी बोलत नव्हतं ती मी बोललो. याच बिल्डिंगमध्ये तीन-चार जण स्कूटरची बॅटरी काढून लिफ्टने वर नेतात आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारच्या पॉइंटला रात्रभर लावून झोपतात, म्हणजे बॅटरी झोपायच्या खोलीपासून दहा फुटावर, आणि त्याला आजवर कुणी एनओसी विचारलेली नाही. त्यामानाने स्टिल्टमध्ये, मोकळ्या हवेत, वेगळ्या एमसीबी आणि आरसीसीबीवर (जास्त करंट किंवा गळती झाली की आपोआप पडणारे स्विच) चार्ज होणारी गाडी बरी म्हणायची. त्यात मॅडमच्या गाडीची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची, जिला तापून पेटायला दुसऱ्या प्रकारांपेक्षा जास्त तापमान लागतं. धोका शून्य नाही, पण खाली उभ्या असलेल्या तीसेक पेट्रोल गाड्यांच्या टाक्यांचा धोका पण शून्य नाहीये ना.

दुसरा मुद्दा खजिनदारांचा, आणि तो मला जास्त विचार करण्यासारखा वाटला. ते म्हणाले, सोसायटीने कॉमन मीटरवरून मेंबरला वीज दिली आणि पैसे घेतले तर ती वीजविक्री झाली, त्याला लायसन्स लागतं, उद्या नोटीस आली तर कोण निस्तरणार? याचं उत्तर सरकारने कधीच देऊन ठेवलंय. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नाही, त्यामुळे वीज कायद्याखालचं लायसन्स लागत नाही. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली त्यात ग्राहकाला ईव्ही चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं असं सरळ लिहिलंय. हे दोन कागद प्रिंट काढून दिल्यावर खजिनदार गप्प झाले नाहीत, पण त्यांचा प्रश्न बदलला, आता ते म्हणायला लागले की मग दर किती लावायचा. हे प्रगतीचं लक्षण.

तिसरे होते दुसऱ्या मजल्यावरचे काका, एमएसईबीतून रिटायर झालेले. सगळे त्यांना विरोधक समजत होते. काका फक्त एवढंच विचारत होते, ‘अहो, आज यांना द्या, माझी हरकत नाही, पण यांच्यानंतर अजून पाच जण आले तर त्यांना काय सांगणार, तुम्ही उशिरा आलात?’ संपूर्ण मीटिंगमध्ये मुद्द्याचं तेवढं एकच वाक्य होतं माझ्या मते. कमिटी ‘परवानगी द्यायची की नाही’ यावर अडकली होती, मॅडम ‘माझा हक्क आहे’ यावर अडकल्या होत्या, आणि बिल्डिंगमध्ये शिल्लक करंट किती आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

म्हणून मोजलं. मे महिन्यात, रात्री साडेदहाच्या सुमारास, एसी जोरात चालू असताना, काकांना बरोबर घेऊनच मीटर रूममध्ये टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र, लावला. मुद्दाम त्या वेळेला, कारण पुण्यातल्या अशा बिल्डिंगचा पीक, म्हणजे सगळ्यात जास्त लोडची वेळ, आता संध्याकाळी सातला नसतो, लोक जेवून बेडरूममध्ये गेले की असतो. मेन स्विच २५० अँपिअरचा. सप्लायचे तीन फेज असतात, आर, वाय आणि बी, त्यात रीडिंग आलं आर फेजला ११८ अँपिअर, वायला १३१ आणि बीला १६२. बी फेज एवढा वर का, तर बिल्डरच्या वायरमनने त्या काळी लिफ्टजवळचे फ्लॅट सरसकट एकाच फेजवर टाकलेत आणि नंतर त्याच लोकांनी सगळ्यात जास्त एसी बसवलेत.

आता २५० चा स्विच आहे म्हणून २५० वर चालवायचा नसतो, वीस टक्के हातचे ठेवले की २०० उरतात. म्हणजे शिल्लक आरमध्ये ८२, वायमध्ये ६९, बीमध्ये ३८. मॅडमना मिळालेला ७.२ किलोवॅटचा चार्जर एकटा ३२ अँपिअर घेतो. हिशोब करा, आरवर दोन, वायवर दोन, बीवर एक, पाच गाड्या आणि विषय संपला, सहाव्याला काकांनी म्हटलं तेच उत्तर. तेच ३.३ किलोवॅटचे पॉइंट दिले तर प्रत्येकी १५ अँपिअर धरून आरवर पाच, वायवर चार, बीवर दोन, म्हणजे अकरा, तेही भर पीकला. आणि पहाटे दोनला परत मोजलं तेव्हा आकडे ७०, ७८, ९५ वर आलेले होते, खोल्या गार झाल्यावर कॉम्प्रेसर सारखे बंद पडतात. त्या वेळेला हीच वायरिंग ३.३ च्या वीसेक गाड्या आरामात ओढेल.

मग प्रश्न राहतो की ३.३ पुरतो का. इथे शोरूमचा माणूस आणि गिऱ्हाईक दोघंही गाडीची पूर्ण बॅटरी भरायला किती तास लागतील याचा विचार करतात, पेट्रोल पंपावरची सवय, टाकी फुल. पण रोज रात्री बॅटरी रिकामी होऊन गाडी घरी येत नाही. चाळीस किलोमीटर चालली, शहरात युनिटला सात किलोमीटर धरले तर सहा युनिट खर्च झाले, चार्जिंगमधला लॉस धरून साडेसहा. ३.३ किलोवॅटने दोन तासांचं काम. दोन तास! गाडी उभी असते दहा तास. मॅडमना हे कागदावर मांडून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, मग मला ७.२ चा कशाला दिला? आता याचं उत्तर मी देण्यात अर्थ नव्हता. रविवारी मुंबईला जायचं असेल तर शनिवारी रात्री फुल करायची, अकरा-बारा तासात ३५ युनिटची बॅटरी भरते, आणि अडलंच तर हायवेला सीसीएस२ प्लगचे डीसी फास्ट चार्जर आहेतच. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राज्याच्या ईव्ही धोरणात एक्सप्रेस वे, समृद्धी आणि अटल सेतूवर ईव्हीला टोलमाफी ठेवलीय, त्यामुळे मुंबईच्या चकरा वाढणार हे मॅडमनी आधीच जाहीर केलं होतं.

केबलचंही तसंच. ५५ मीटर लांब ६ स्क्वेअर एमएम कॉपरमधून ३२ अँपिअर नेले की वाटेतच साधारण १३ व्होल्ट पडतात, म्हणून १० ची टाकावी लागते आणि कोटेशन फुगतं. १५ अँपिअरला तीच ६ ची केबल सहा व्होल्टमध्ये भागवते.

बिलाबद्दल थोडं, कारण घरोघरी यावर चुकीची गणितं चालतात. लोकांना वाटतं गाडीमुळे घरचा मीटर ३०० युनिटच्या वर गेला की सगळ्याच बिलाला वरचा दर लागतो. असं नसतं, जेवढे युनिट वरच्या स्लॅबमध्ये जातात तेवढ्यांनाच तो दर. मॅडमच्या घरचे उन्हाळ्यात २२० युनिट, गाडीचे महिन्याला १५५, एकूण ३७५. म्हणजे गाडीच्या युनिटांपैकी ८० मधल्या स्लॅबमध्ये आणि ७५ वरच्या. वरच्या स्लॅबचा युनिट सगळे आकार धरून बराच महाग पडतो, तरी गाडीचं महिन्याचं अडीच हजारांच्या आत-बाहेर. तेवढंच अंतर पेट्रोल गाडीने लिटरला चौदाच्या अ‍ॅव्हरेजने कापलं तर ६८-७० लिटर, म्हणजे सात हजार. घरच्या मीटरवरून घेतलं तरी परवडतंच, फक्त ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन घेतलं की स्लॅबची भानगड राहत नाही. त्यात जुलै २०२५ पासून टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेप्रमाणे दर लावणारा) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत सवलत सुरू झाली, म्हणजे स्वस्त वीज नेमकी तेव्हा, जेव्हा मॅडमची गाडी हिंजवडीत ऑफिसच्या बेसमेंटला उभी असते. फायदा रिटायर लोकांना. काकांनी हे ऐकून पहिल्यांदा विचारलं की छोटी ईव्ही केवढ्याला पडते.

तर रिपोर्टमध्ये मी जे सुचवलं ते हे. कोणाही एकाला मीटर रूममधून स्वतंत्र केबल ओढू द्यायची नाही, मॅडमना पण नाही. पाच जणांनी पाच केबल ओढल्या की स्टिल्टचं छत केबलचं जाळं होतं आणि कुठली कुणाची ते दोन वर्षांत कोणाला सांगता येत नाही. त्याऐवजी सोसायटीच्या नावाने महावितरणकडे ईव्ही चार्जिंगचं एकच थ्री फेज कनेक्शन मागायचं, २० किलोवॅटचं, आणि स्टिल्टच्या मधोमध एक डीबी, म्हणजे वीज वाटून देणारी पेटी. त्यात ३.३ चे सहा पॉइंट, बेरीज १९.८, प्रत्येक फेजला दोन. दोन पॉइंट म्हणजे ३० अँपिअर, आणि आपला सगळ्यात भरलेला बी फेज पीकला सुद्धा ३८ द्यायला मोकळा आहे. म्हणजे पहिल्या सहा जणांना टायमर नको, वेळेचं बंधन नको, कधीही लावा. मात्र मेन केबल पहिल्यापासून बारा पॉइंटच्या हिशोबाने टाकायची, साडेतीन कोअर ३५ स्क्वेअर एमएम अ‍ॅल्युमिनियम आर्मर्ड, कारण केबलच्या किमतीत फरक थोडा पडतो, परत खोदकाम आणि परत भांडण याचा खर्च जास्त. सातवा अर्ज आला की कनेक्शनचा लोड वाढवून घ्यायचा आणि सातव्यापासून पुढच्यांना टायमर, रात्री एक ते सहा. पाच तासात साडेसोळा युनिट जातात, शंभर किलोमीटरची सोय, रडण्यासारखं काही नाही त्यात.

खर्चावरून जुंपलीच. ज्यांच्याकडे गाडी नाही ते म्हणाले आमच्या मेंटेनन्समधून का, आणि बरोबरच आहे त्यांचं. सप्टेंबरच्या एजीएमला ठराव झाला तो असा की मीटर, मेन केबल, डीबी आणि अर्थिंग सोसायटीच्या फंडातून, कारण ती सोसायटीची मालमत्ता राहते, पण प्रत्येक नवा मेंबर पॉइंट घेताना त्याचा बारावा हिस्सा भरणार, त्यामुळे बारा पॉइंट भरले की फंड परत जागेवर. डीबीपासून पार्किंगपर्यंतची केबल, सबमीटर, आरसीसीबी आणि सॉकेट ज्याचं त्याने, पण कामाचा माणूस सोसायटीने ठरवलेलाच आणि टेस्ट रिपोर्ट फाइलला लावल्याशिवाय चालू करायचं नाही. युनिटचा दर बिलाप्रमाणे जो पडेल तो, वर एक रुपया देखभालीला. सबमीटरचं रीडिंग महिन्याच्या एक तारखेला, वॉचमन फोटो काढून ग्रुपवर टाकतो.

काम चालू केल्यावर एक भानगड निघाली ती सांगण्यासारखी आहे. पहिला पॉइंट लावला, मॅडमनी पोर्टेबल चार्जर खोचला, लाल दिवा. काढला, परत लावला, परत लाल. चार्जर खराब म्हणून शोरूमला फोन करायची तयारी झाली होती. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजलं तर नऊ व्होल्ट, आणि हे चार्जर या बाबतीत फार नाजूक, दोन-चार व्होल्टच्या वर गेलं की अर्थ फॉल्ट समजून चार्जिंग सुरूच करत नाहीत. मीटर रूममधलं पॅनल उघडलं तेव्हा न्यूट्रलची लिंक, म्हणजे न्यूट्रलच्या वायरी जिथे जोडतात ती पट्टी, काळी पडलेली, बोल्ट हाताने फिरत होता. एवढी वर्षं ४८ घरांचा न्यूट्रल त्याच्यावर चालला होता. महावितरणच्या माणसाला बोलावून सप्लाय बंद केला, लिंक घासून नवीन बोल्ट टाकले, ईव्हीच्या डीबीला वेगळा केमिकल अर्थ पिट घेतला, मग दोनच्या खाली आलं आणि हिरवा दिवा लागला. ती लिंक तुटली असती तर थ्री फेजमध्ये काही घरांत साडेतीनशे व्होल्ट जाऊन टीव्ही-फ्रिज एकदम गेले असते. ईव्हीला विरोध करणाऱ्या एका गृहस्थांचा फ्लॅट नेमका कमी लोडच्या फेजवर होता, म्हणजे जास्त व्होल्टेज तिथेच गेलं असतं, त्यांना मी हे नीट समजावून सांगितलं.

ओपन पार्किंगचं मात्र अजून नीट जमलेलं नाही. स्टिल्टमधल्या जागा ठरलेल्या आहेत, पण ओपनच्या बारा जागा दरवर्षी चिठ्ठ्या टाकून बदलतात, त्यामुळे तिथे कोणाच्या नावाने पॉइंट देता येत नाही. तोडगा म्हणून सहापैकी दोन पॉइंट कंपाउंडच्या भिंतीवर कॉमन ठेवलेत, रात्री लावा, सकाळी आठच्या आत गाडी हलवा. कार्ड वगैरे काही नाही, सॉकेटच्या पेटीला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, रजिस्टरमध्ये रीडिंग आणि सही. पहिल्याच महिन्यात ‘फुल झाली तरी गाडी काढत नाहीत’ अशी तक्रार आली, मग आठनंतर तासाला पन्नास रुपये दंड ठरला, तो अजून कुणाकडून वसूल झालेला नाही कारण दंड मागायला खाली कोण जाणार यावर एकमत नाही.

सध्या स्टिल्टमधले तीन पॉइंट चालू आहेत, चौथ्यासाठी ए विंगमधल्या एका भाडेकरूचा अर्ज आलाय. फ्लॅटमालक दुबईत आहेत, बाराव्या हिश्शाचे पैसे मालकाने भरायचे की भाडेकरूने, आणि भाडेकरू सोडून गेला तर सबमीटर कुणाचा, हे पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर आहे. मालकाचं ईमेलवरचं संमतीपत्र चालेल असं सेक्रेटरी म्हणतायत, खजिनदारांना सही केलेला कागदच हवाय.